तीन नो ट्रम्पचा अर्थ

मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या तिच्या सासऱ्यांना ब्रिज क्लबात सगळे 'फूटपट्टी' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं, कधी ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की सेक्रेटरीबाईंनी एकदा बक्षिसांच्या यादीतही चुकून तेच छापलं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या. नकाशावर रेघ केसभर सरकली तर एकाची विहीर दुसऱ्याच्या आवारात जाते, हे ते इतक्यांदा सांगत की घरात कुणी काही वाकडं ठेवलं की तिचा नवरा म्हणायचा, "गेली बघ विहीर शेजाऱ्याकडे."

ती स्वतः एका लॅबमध्ये कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर जबड्यांची मापं पाठवत, ती त्यावर मेणाचे दात बसवून बघे, घासे, पुन्हा बसवे. दिवसभर तोंडं समोर, पण एकही बोलणारं नाही, असं ती म्हणायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तीही मुकीच होती म्हणायला हरकत नाही. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. कुठे लिफ्ट अडकली की ताट सोडून पळणारा. सासूबाई अंथरुणावर. पहिली दोन वर्षं तिला त्या घरात 'किल्ली कुठे ठेवलीस' यापलीकडे कुणी काही विचारलं नाही. मग सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका रविवारी सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर तेरा पत्ते मांडले आणि विचारलं, "सूनबाई, हे बघून तुझं मत काय?"

मत! ती पत्त्यांकडे बघत राहिली. तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. "बदाम जास्त आहेत," ती भीत भीत म्हणाली.

"शाबास," सासरे म्हणाले. "तेच सांगायचं असतं."

त्याला आता चौदा वर्षं झाली होती. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं क्लबात जात आणि समोरासमोर बसत. ब्रिजमध्ये भिडूशी तोंडाने बोलता येत नाही. जे सांगायचं ते बोलीतून. कुठली बोली म्हणजे काय, हे दोघांनी आधी बसून ठरवायचं, कार्डावर लिहायचं, आणि समोरच्या जोडीने विचारलं की खरं खरं सांगायचं. हातातले पत्ते झाकलेले असतात, पण बोलीचा अर्थ झाकायची मुभा कुणाला नसते. फूटपट्टींनी या अर्थांची निळी वही केली होती. बासष्ट पानं, बारीक टोकाच्या पेनाने लिहिलेली, प्रत्येक ओळ जणू मोजून आखलेली. शेजारच्या बाई एकदा ती वही बघून म्हणाल्या होत्या, "सासरा-सून एवढं बोलतात होय एकमेकांशी?"

शेवटच्या पानावर उंच, बिनहुकुमी बोली होत्या: सुरुवातीलाच तीन नो ट्रम्प, चार नो ट्रम्प, पाच नो ट्रम्प. वर्षातून एकदाही न येणाऱ्या. पण फूटपट्टींचा जीव त्याच पानावर. तीन नो ट्रम्प म्हणजे किलवर किंवा चौकटचे सात भरीव पत्ते, एक्का-राजा-राणीसकट, आणि बाकी रंगांत एकही एक्का-राजा नाही. चार नो ट्रम्प म्हणजे, 'तुझ्याकडे नेमका कुठला एक्का आहे ते सांग.' पाच नो ट्रम्प चौदा वर्षांत एकदाच आलं होतं, तेही एका लहान मुलीचा धक्का लागून बोलीचं चुकीचं कार्ड टेबलावर पडल्यामुळे.

विसरणं सुरू झालं ते क्लबात नाही, घरात. बाहेरून आल्यावर ते बूट फ्रिजशेजारी काढू लागले. रोजच्या वाटेवरच्या चष्म्याच्या दुकानाशी थांबून "आपलं वळण पुढचं की मागचं?" असं विचारू लागले. डॉक्टरांनी त्यांना प्राण्यांची चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. "पास झालो," असं ते बाहेर येऊन म्हणाले. मग डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

घरी येताना नवरा म्हणाला, "त्यांना सांगायला हवं."

"नको," ती म्हणाली.

"ते स्वतःच म्हणाले होते. आठवतं ना? त्यांचे खात्यातले मित्र तसे झाले तेव्हा?"

तिला आठवत होतं. त्या मित्राला बघून आल्यावर फूटपट्टींनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "माझं असं काही व्हायला लागलं तर मला स्पष्ट सांगा. गोड बोलून फिरवू नका. मी त्या दिवशी पत्ते खाली ठेवीन."

"सांगितलं तर गुरुवार संपतील," ती म्हणाली. "गुरुवार गेले तर त्यांच्याकडे काय उरतं?"

"आणि तुझ्याकडे?" नवऱ्याने विचारलं. तो रागाने बोलला नव्हता. 

त्या दिवसापासून ती वहीतली पानं कमी करायला लागली. "बाबा, हे फार किचकट आहे, काढून टाकू या?" ते हो म्हणत, आणि ती ब्लेडने पान सफाईने कापून घेई. बासष्टची चाळीस झाली, चाळीसची एकोणीस. सोप्या बोली ते अजून झोपेतही बरोबर करत. पण मार्चमधल्या एका गुरुवारी त्यांनी एक्का-राजा-राणी-गुलामाचे मिळून सव्वीस गुण भरणाऱ्या थोर हातावर तीन नो ट्रम्प म्हटलं. तिने वहीप्रमाणे सात पत्त्यांचा एकच रंग धरला, आपल्याकडे आधार नाही म्हणून चार किलवरला पळाली, आणि ते तिथेच पास म्हणून थांबले. दोघांत मिळून किलवरचे पत्ते पाचच. सगळ्या क्लबाचं हसून हसून पोट दुखलं. फूटपट्टीही हसले. कशाला हसले, ते त्यांना ठाऊक नव्हतं, हे फक्त तिला दिसलं.

वार्षिक स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. तिथे प्रत्येक जोडीला सगळ्या बोलींचं कार्ड भरून द्यावं लागे. रविवारी सकाळी ती वही घेऊन त्यांच्याजवळ बसली. पलीकडच्या खोलीत नवरा बुटांना पॉलिश करत होता.

"बाबा, शेवटचं पान. तीन नो ट्रम्पचा अर्थ सरळ करू या का? पंचवीस ते सत्तावीस गुण, चारही रंगांत ताकद. नावाप्रमाणे काम."

फूटपट्टींनी चष्मा कपाळावर चढवला. "का म्हणून?"

"त्या गुरुवारी घोटाळा झाला ना."

"कुठला घोटाळा?"

तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "माझाच. मी अर्थ विसरले. मला सोपं हवंय."

"तू विसरलीस?" त्यांनी तिच्याकडे काळजीने बघितलं. "काम फार पडतं का गं लॅबमध्ये? झोपत जा जरा." मग खुर्ची पुढे ओढली. "पण म्हणून अर्थ बदलायचा नसतो, सूनबाई. हे बघ. पंचवीस गुणांचा हात आला की आपल्याकडे दोन किलवरची बोली आहे. तिथून पायरी पायरीने वर जाता येतं, तुला विचारत विचारत. ज्याच्याकडे सगळं आहे त्याने घाई करायची कशाला? त्याने एकदम तीन नो ट्रम्प म्हटलं तर त्याने आपल्याच भिडूच्या तोंडावर दार लावलं. तू बोलणार कुठे? जागाच नाही. आता दुसरा बघ. एकच लांब रंग, बाकी घर रिकामं. त्याने वरती उडी मारली तर दार कुणाच्या तोंडावर? समोरच्यांच्या! त्यांच्याकडे इस्पिक आहेत, बदाम आहेत, पण एकमेकांना सांगायचे कसे?"

ते पाऊण तास बोलले. कागदावर हात मांडून दाखवले, वीस वर्षांपूर्वीचा एक डाव पत्त्यान् पत्त्यासकट सांगितला, गाढवपणा केलेल्या एका भिडूची नक्कल केली. तिला हसू आवरेना. डॉक्टरांचं चुकलं असेल, असं तिला वाटलं. घड्याळ कुणालाही वाकडं काढता येतं. असा माणूस कुठे हरवतो का? जुनाच अर्थ ठेवू या, असं म्हणायला तिने तोंडही उघडलं होतं.

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, सावकाश प्यायले, खाली ठेवला आणि वहीचं पान सारखं केलं.

"हां," ते म्हणाले, "तर तीन नो ट्रम्पचं काय ठरवायचं म्हणत होतीस?"

पलीकडे ब्रशचा आवाज थांबला.

"पंचवीस ते सत्तावीस गुण," ती म्हणाली. "चारही रंगांत ताकद."

"चालेल की. साधं असलेलं बरं." आणि त्यांनी बारीक टोकाच्या पेनाने कार्डावर तसं लिहून टाकलं. चार नो ट्रम्प आणि पाच नो ट्रम्पसमोर तिने 'वापरत नाही' लिहायला सांगितलं. तेही लिहिलं. खाली दोघांनी सह्या केल्या.

चौदा वर्षांत पत्त्यांवरून त्यांचे शेकडो वाद झाले होते, आणि ती एकही जिंकली नव्हती. हा जिंकली. कार्ड तिने पाकिटात घातलं.

स्पर्धा भरली ती एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये. चाळीस टेबलं, हिरवी कापडं, खुर्च्यांचे पाय फरशीवर किंचाळत होते. सकाळच्या पहिल्या पाच फेऱ्या निभावल्या. निभावल्या काय, छानच गेल्या. भिंतीवरच्या यादीत त्यांची जोडी सातवी होती. फूटपट्टी इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. दोनदा त्यांनी तिला "आज कुठला वार?" असं विचारलं, एवढंच.

सहाव्या फेरीला समोर एक वकील आले. क्लबात त्यांना 'हरकत' म्हणत, कारण ते चहात साखर कमी असली तरी हरकत घेत. माणूस वाईट नव्हता. नियमाने चालायचा, आणि दुसऱ्यांनीही चालावं एवढीच त्याची अपेक्षा असे.

फूटपट्टींनी पत्ते उचलले, एकदाच लावले, मिटवले, टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्यावर अंगठा दाबून धरला.

तिने मान फिरवली. पण दिसायचं ते दिसलं होतं. एकच लांब भरीव रंग आला की ते असं करत. सगळीकडे ताकद असली की ते पत्ते मिटवतच नसत, पुन्हा पुन्हा मोजत राहत. चौदा वर्षं समोर बसून तिला हे कळलं होतं, आणि चौदा वर्षं तिने ते न कळल्यासारखं केलं होतं. 'भिडूच्या हाताकडे बघायचं नाही,' हे त्यांनीच पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. 'बोलीकडे बघायचं. हाताकडे बघणं म्हणजे चोरी.'

त्यांनी तीन नो ट्रम्पचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"या बोलीचा अर्थ काय?" हरकतवकिलांनी तिला विचारलं.

खरं उत्तर कार्डावर होतं: पंचवीस ते सत्तावीस गुण. ती तसं म्हणाली असती तर? फूटपट्टी ऐकत होते. भिडूने चुकीचा अर्थ सांगितला तर पहिला पत्ता पडायच्या आत पंचांना बोलावून तो सुधारायचा, असा नियम आहे, आणि नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते. हात वर करून ते म्हणाले असते, 'माझ्या भिडूचं चुकलं.' मग पंच कार्ड उघडणार. त्यांचंच अक्षर त्यांच्यासमोर धरणार. चाळीस टेबलांसमोर त्यांना कळणार की आपलं काहीतरी हरवलंय. तेही असं.

"किलवर किंवा चौकटचे सात भरीव पत्ते," ती म्हणाली. "बाकी रंगांत एक्का-राजा नाही."

फूटपट्टींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अंगठा मात्र सैल पडला.

वकील पास. तिच्या हातात इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का, किलवरचे राजा-राणी, तेरा गुण. तीही पास म्हणाली. वकिलांनी इस्पिकचा राजा खेळला. टेबलावर उघड्या मांडलेल्या तिच्या पत्त्यांतल्या एक्क्याने फूटपट्टींनी तो मारला, चौकटचे सात हात सरासर ओढले, बदामचा एक्का घेतला. नऊ हात. तीन नो ट्रम्पला लागतात तेवढे. 

"छान," वकील म्हणाले, आणि सवयीने सासरा-सुनेचं बोलींचं कार्ड उचलून बघितलं. मग चष्मा नीट केला. "एक मिनिट हं."

पंच आले. उंच, खांदे पडलेले गृहस्थ. गळ्यात शिट्टी नव्हती, पण असल्यासारखे वागत. वकिलांनी आवाज न चढवता सांगितलं, "कार्डावर पंचवीस ते सत्तावीस लिहिलंय. बाईंनी अर्थ वेगळाच सांगितला. आणि तेरा गुण हातात असताना पास म्हणाल्या. कार्डाप्रमाणे दोघांचे मिळून अडतीस होतात. सगळे तेरा हात मागायचे सोडून पास कोण म्हणेल? साहेबांच्या हातात काय आहे, ते यांना ठाऊक होतं."

"कार्ड बदलायचं राहून गेलं," ती घाईने म्हणाली. "आम्ही परवाच पुन्हा जुना अर्थ ठरवला. माझी चूक. मी नवीन कार्ड करणार होते."

पंचांच्या कपाळावरची आठी उलगडली. असं होतं, दर वर्षी कुणाचं तरी होतं. थोडे गुण कापायचे, विषय संपला. त्यांनी पेन काढलं.

"नाही," फूटपट्टी म्हणाले.

त्यांनी कार्ड हातात घेतलं होतं आणि ते नाकाजवळ धरून वाचत होते. "हे माझं अक्षर आहे. ठरलेलं लिहिल्याशिवाय मी टेबलावर बसत नाही. चाळीस वर्षांत बसलो नाही. इथे पंचवीस ते सत्तावीस लिहिलंय, म्हणजे तेच ठरलंय." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "म्हणजे बोली मी चुकलो. सात चौकटांवर मी ही बोली करायला नको होती. माझी चूक, मान्य." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. आजवर तिच्याकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. "पण सूनबाई, मी चुकलो हे तुला कसं कळलं?"



"बाबा..."

"माझ्या हातात काय आहे हे तुला कसं कळलं?"

आजूबाजूच्या टेबलांवरचा खेळ थांबला होता.

दुपारी तिला ऑफिसात बोलावलं. ढाली-करंडकांनी भरलेलं कपाट, त्याच्यापुढे टेबल, टेबलामागे पंच आणि सेक्रेटरीबाई. दाराला काच होती. काचेपलीकडे व्हरांड्यात बाकावर फूटपट्टी बसले होते, मांडीवर दोन्ही हात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

सेक्रेटरीबाईंनी दार नीट लागलंय का ते बघितलं. "हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हीही डोळे मिटून बसलेलो नाही. साहेबांचं काहीतरी बिनसलंय, हे दिसतं गं. तू एवढंच सांग की त्यांच्या लक्षात राहत नाही, आणि तू त्यांना सांभाळून घेत होतीस. मग प्रश्नच मिटतो. फसवणूक वगैरे काही राहत नाही."

"तसं लिहावं लागेल?"

"लिहावं तर लागेल," पंच म्हणाले. "निर्णय दोघांनाही वाचून दाखवावा लागतो. नियम आहे. आणि फलकावर लागतो."

ती काचेतून बघत होती. फूटपट्टींनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली, पुन्हा होती तशी चौकोनी घातली. मग पुन्हा उलगडली.

"त्यांची तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली. "ते पत्ते कसे धरतात त्यावरून मला त्यांचा हात ओळखता येतो. आज मी त्याचा फायदा घेतला. कार्डाबद्दल खोटंही मीच बोलले. त्यांचा काही संबंध नाही."

"अगं, विचार कर," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "याला दोन वर्षांची बंदी आहे. आणि माणसं काय, बंदी संपली तरी बोलतात."

"लिहा," ती म्हणाली.

निर्णय त्यांना वाचून दाखवला तेव्हा फूटपट्टी उभे राहून ऐकत होते. सेक्रेटरीबाईंनी त्यांचा काही दोष नसल्याचं दोनदा सांगितलं. त्यांनी पंचांशी हात मिळवला, वकिलांना शोधून काढून त्यांची माफी मागितली आणि एकटेच दाराकडे चालू लागले. बाहेर पडल्यावर त्यांना घरची वाट आठवेना. ती चार पावलं मागून "डावीकडे, बाबा" म्हणत राहिली, आणि ते उत्तर न देता डावीकडे वळत राहिले.

तिची खात्री होती की चार दिवसांत ते सगळं विसरतील. बूट विसरले होते, वार विसरले होते, बहिणीचं लग्न विसरले होते. हेही जाईल. गेलं नाही. बाकी सगळं भराभर ओसरत गेलं आणि हे एवढंच उघडं पडलं. सकाळी उठून ते मुलाला विचारत, "ती काही बोलली का? का केलं म्हणाली?" तिने ताट वाढलं तर हात लावत नसत, मुलाने वाढलं तर जेवत. पाहुणे आले की सगळ्यांदेखत सांगत, "आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं."

नवरा हे सगळं महिनाभर बघत होता. मग एका सुटीच्या दुपारी तो वडिलांना समोर बसवून, डॉक्टरांचा कागद हातात देऊन, सगळं सांगून बसला. आजार काय, कधीपासून, तिने काय लपवलं आणि कुणासाठी. ती दारात उभी होती. फूटपट्टींनी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.  "म्हणजे मी..." ते म्हणाले. "मला सांगा म्हटलं होतं ना रे मी तुम्हाला?" ते रडले. म्हातारा माणूस तोंड न झाकता रडताना तिने पहिल्यांदाच बघितला. ती जवळ गेली तेव्हा त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला, आणि त्या तासाभरात तिला वाटलं, सुटलो. सगळेच सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कागद आठवत नव्हता, आजार आठवत नव्हता. उरली होती फक्त भीती. कशाची भीती, ते त्यांना सांगता येईना. खोलीच्या कोपऱ्यात बसून ते आठवडाभर थरथरत होते, मुलगा कामावर निघाला की त्याच्या बाहीला धरत होते. आणि ती खोलीत आली की म्हणत होते, "हिला सांग, माझे पत्ते बघू नकोस."

पुन्हा सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. रोज सांगून रोज मारायचं कसं?

पुढच्या वर्षी ते तिला ओळखेनासे झाले. तिला वाटलं, निदान आता तरी. आणि खरोखरच त्यांचा राग तिच्यावरून उतरला. ते तिच्या हातचं खाऊ लागले, तिला 'बाई' म्हणू लागले, अहो-जाहो करू लागले. एका दुपारी ती त्यांची नखं कापत होती. ते एकदम म्हणाले, "तुमचा हात फार हलका आहे हो. तुम्ही काय काम करता?"

"कवळ्या करते."

"अरे वा. नाजूक काम." मग त्यांनी विचारलं, "पत्ते खेळता का?"

"खेळायचे."

"मग सोडलंत का?"

"भिडू राहिला नाही."

"अरेरे." त्यांनी मान हलवली. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "माझंही तसंच झालं. माझी भिडू म्हणजे माझी सून. मीच शिकवलं तिला. आली तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता पोरीच्या. पण डोकं असं, सांगतो तुम्हाला! मला मुलगी नाही, पण असती तर तिच्यावर इतका जीव लावला असता की नाही, कोण जाणे." त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. "तिने फसवलं हो. सगळ्यांसमोर."

तिने नखं कापायचं थांबवलं. "तिला काही कारण असेल."

"काय कारण?"

"कुणाला तरी वाचवायचं असेल."

ते विचार करत राहिले. एका क्षणी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वर आलं.

"मग तिने मला येऊन सांगायचं," ते म्हणाले. "मी काय परका होतो?" आणि लगेच, कानकोंडे होऊन, "तुम्ही कुणाला बोलू नका. घरातली गोष्ट आहे."

"नाही बोलणार," ती म्हणाली. दुसरा हात त्यांनी आपणहून पुढे केला. तिने उरलेली पाच नखं कापली, कपटे कागदात गोळा केले आणि आत गेली. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणत होते?" तिने नळ सोडला आणि हात धूत राहिली. 

ते त्यानंतर सात महिने होते. शेवटचे काही आठवडे बोलणंही गेलं.

ते गेल्याचं कळल्यावर सेक्रेटरीबाई भेटायला आल्या. जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "तुझी बंदीही संपली गं मागच्या महिन्यात. गुरुवारी येत जा. भिडू मी बघून देते."

"बघते," ती म्हणाली.

तिने काही बघितलं नाही. त्या गुरुवारी लॅबमध्ये अकरा जबडे आले होते. ते करून होईपर्यंत सगळे निघून गेले, आणि त्यानंतरही ती काही वेळ तशीच बसून राहिली.